बाविसावी ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

कॅल्क्युलेटरवर प्रोग्रॅम लिहायला शिकायचं असेल तर आधी दुसऱ्याचा प्रोग्रॅम घ्या आणि कागदावर हाताने चालवा. नुसता वाचू नका, चालवा. मी असाच शिकलो, फोंड्याच्या माझ्या काकांच्या वहीतून.

काका जमीनमोजणी करत. कुवेतहून त्यांच्या मेहुण्याने एचपी-२५ कॅल्क्युलेटर आणून दिला होता. १९७५ चं मॉडेल, प्रोग्रॅमला ४९ ओळी, आणि स्विच बंद केला की सगळं पुसलं जायचं. म्हणून प्रोग्रॅम वहीत लिहिलेला, रोज सकाळी नव्याने भरायचा. वहीत नुसते आकडे: २४ ०१, २४ ०२, ५१. दुसऱ्या रांगेतलं चौथं बटण आरसीएल, म्हणजे रिकॉल, म्हणून २४ ०१ म्हणजे पहिल्या कप्प्यातली संख्या काढ. पाचव्या रांगेतलं पहिलं बटण म्हणजे बेरीज. पहिला आकडा रांग, दुसरा आकडा बटण; फक्त ०१, ०२ म्हणजे तो अंकच. एवढं कळलं आणि वही वाचता येऊ लागली. ते हेरॉनचं सूत्र होतं, तीन बाजूंवरून त्रिकोणाचं क्षेत्रफळ. ३, ४, ५ भरले, ६ आलं.

पण एकविसाव्या ओळीला वर्गमूळ निघून उत्तर दिसत होतं, तरी खाली बाविसावी ओळ होती: २३ ५१ ०५. मला ती फुकटची वाटली.

दुसऱ्या दिवशी सावईवेरे गावात एका कुळागराची, म्हणजे पोफळीच्या बागेची, मोजणी होती. पाटाचं पाणी, पोफळीवर चढलेले मिरवेल. अशी कुळागरं मोडून प्लॉट पाडतात ते मला अजिबात पटत नाही; पाट एकदा तुटला की पोफळी वाळतात. असो. प्रोग्रॅम मी भरला आणि बाविसावी ओळ गाळली.

काकांनी जागेचे चार त्रिकोण पाडले, टेप धरून बाजू मोजल्या, एकेक त्रिकोण कॅल्क्युलेटरवर घातला. उत्तरं बरोबर येत होती. शेवटी त्यांनी आरसीएल ५ दाबलं. शून्य.

ते रागावले नाहीत. बांधावर बसले, वही माझ्यापुढे ठेवली. "सगळ्या ओळी भर, आणि तीन-चार-पाच दोनदा चालव."

दोनदा चालवलं. दोन्ही वेळा पडद्यावर ६. मग आरसीएल ५: १२! ती ओळ प्रत्येक त्रिकोण पाचव्या कप्प्यात मिळवत होती. अख्ख्या कुळागराची बेरीज त्या एका ओळीत होती.

म्हणून म्हणतो, दोनदा चालवा. एकदा चालवून ओळ फुकटची दिसते, दोनदा चालवल्यावर तिचं काम दिसतं. कागदावर एक्स, वाय, झेड, टी असे चार रकाने आखा, प्रत्येक ओळीनंतर कुठे काय आहे ते लिहा. हिशेब चालू असताना कॅल्क्युलेटर संख्या एकावर एक रचून ठेवतो, तो स्टॅक; तो तेवढाच आहे, चार मजली. आणि एखादी ओळ कळली नाही तर ती गाळून चालवा, पण मुळातली वही जपून ठेवा.

त्या दिवशी बारा बाजू काकांनी फील्डबुकातून पुन्हा घातल्या, आणि बटणं मी दाबली.