गोळीच्या आधी बाटली

(दृश्य: लाल मातीचा रस्ता. सायकलच्या कॅरिअरला बांधलेला काचेच्या बाटल्यांचा क्रेट. आवाज फक्त किणकिणीचा.)

टांझानियात कुठल्याही थंड पेयाला सोडा म्हणतात. डांबरी रस्ता संपतो, पुढे विजेचे खांबही संपतात, तरी वळणावरच्या टपरीत सोडा मिळतो. कधी गार, कधी कोमट, पण मिळतो.

(दृश्य: पत्र्याची पाटी. 'दुका ला दावा'.)

ही स्वाहिली पाटी वाचायला मराठी माणसाला दुभाष्या लागत नाही. दुका म्हणजे दुकान, दावा म्हणजे दवा. अरबी-फारसीतून निघालेले शब्द. एक वाट झांझिबारच्या किनाऱ्याला लागली, दुसरी आपल्या दवाखान्यापर्यंत आली. शब्द एवढे लांब पोहोचले. गोळी मात्र बरीच वर्षं जिल्ह्याच्या गावापर्यंत येऊन थांबायची.

सोडा जिथे पोहोचतो तिथे औषध का पोहोचत नाही? आफ्रिकेत काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक डॉक्टरला कधी ना कधी पडलेला हा प्रश्न. 2010 च्या सुमारास तो थेट कोका-कोलापुढेच ठेवला गेला. एड्स, क्षय आणि मलेरियाविरुद्धच्या कामाला पैसे देणारा ग्लोबल फंड, गेट्स फाउंडेशन आणि सल्लागार कंपनी अ‍ॅक्सेंचर सोबत आले आणि टांझानियात काम सुरू झालं. पुढे त्याचं नाव पडलं 'प्रोजेक्ट लास्ट माइल'.

एक गैरसमज आधीच दूर करू. कोकच्या ट्रकमधून औषधं जात नाहीत. या कामात ट्रक दिलेच नाहीत. दिली ती माणसं, किंवा त्या माणसांच्या डोक्यातला हिशेब: कुठली गाडी कुठल्या दिवशी कुठल्या रस्त्यानं न्यायची, गोदामात किती माल धरायचा, कुठला माल आधी काढायचा, आणि माल संपतोय हे संपायच्या आधी कसं ओळखायचं.

(दृश्य: दार-ए-सलाम. गोदामात छतापर्यंत रचलेली खोकी.)

हे सरकारी औषध भांडार. मेडिकल स्टोअर्स डिपार्टमेंट. तिथले लोक नुसतं एमएसडी म्हणतात. 1993 च्या कायद्यानं स्थापन झालेली संस्था. देश महाराष्ट्राच्या तिप्पट मोठा. पूर्वी एमएसडीच्या गाड्या साधारण 500 ठिकाणी माल उतरवायच्या, बहुतेक जिल्ह्याच्या पातळीवर. तिथून पुढचं जिल्ह्यानं बघायचं. जिल्ह्याकडे एखादी जीप असली तर डिझेल नाही, डिझेल असलं तर जीप गॅरेजमध्ये. आपल्याकडे आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या कुणालाही हे वाक्य पूर्ण करून सांगावं लागणार नाही.

मग ठरलं की माल थेट आरोग्य केंद्राच्या दारात द्यायचा. 500 ठिकाणांची 5000 हून अधिक ठिकाणं झाली. हे ऐकायला सोपं वाटतं. पण थांबे दहापट झाले की गाड्या दहापट करून भागत नाही, तेवढे पैसे कुणाकडेच नसतात. रस्तेच नव्यानं आखावे लागतात. पावसात कुठला पूल बंद होतो हे आखणाऱ्याला आधी माहीत असावं लागतं. बाटल्या विकणाऱ्या माणसाचा तो रोजचा धंदा असतो.

(दृश्य: आरोग्य केंद्र. लाकडी कपाट. एक हात गोळ्यांची पाकिटं मोजतोय.)

आता जरा जवळ जाऊ. ही मलेरियाची गोळी. आर्टेमेथर आणि लुमेफँट्रिन ही दोन औषधं एकत्र असलेली. टांझानियात तिला 'आलू' म्हणतात. हसू नका, दोन्ही औषधांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव आहे. वजनाप्रमाणे चार पाकिटं असतात: 6 गोळ्यांचं, 12 चं, 18 चं आणि मोठ्या माणसासाठी 24 चं. सगळ्यात लहान मुलाला एका वेळी एक, तीन दिवसांत सहा.

समजा, सहाचं पाकीट संपलं. समोर आईच्या मांडीवर तापानं फणफणलेलं पोर. नर्स काय करेल? कात्री घेईल आणि 24 च्या पाकिटातून सहा गोळ्यांची पट्टी कापून देईल. बरोबरच आहे, कुणीही हेच करेल. पण कागदावर काय उमटतं? मोठ्यांचं पाकीट खपलं, लहान मुलांचं खपलंच नाही. पुढची मागणी या खपावरून ठरते. म्हणजे जे संपलं होतं तेच पुढच्या खेपेला कमी येतं.

औषध वीस दिवस नसलं की त्या वीस दिवसांचा वापर शून्य दिसतो. शून्य वापर म्हणजे गरज नव्हती, असं कागद म्हणतो. थंड पेयाच्या विक्रेत्याला ही चूक परवडत नाही. फळी रिकामी होती म्हणून विक्री झाली नाही, की गिऱ्हाईक आलंच नाही म्हणून झाली नाही, यातला फरक न कळणारा माणूस त्या धंद्यात टिकत नाही. आरोग्य केंद्राला उसनं द्यायचं ज्ञान होतं ते हे. यात शौर्य काही नाही. कपाट, तक्ता, मोजणी.

आणि जिथे बाटलीचं ज्ञान चालत नाही, तेही सांगायला हवं. सोडा संपला तर दुकानदार ओरडतो, फोन करतो, दुसऱ्या कंपनीचा माल ठेवतो. औषध संपलं तर पेशंट काही बोलत नाही. उठतो आणि घरी जातो. दुकानदार क्रेटचे पैसे लगेच मोजतो. एमएसडीची सरकारकडची थकबाकी हा तिथला जुना दुखरा विषय आहे. रस्ता कितीही नीट आखला तरी तिजोरीतून पैसे आले नाहीत तर गाडी रिकामीच जाणार. पाहुण्या तज्ज्ञाला हे कळायला वेळ लागतो. येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी हा सगळा प्रवास जवळून टिपून ठेवला आहे. त्यांनाही हे एका उद्योगातलं ज्ञान दुसऱ्यात उचलून ठेवण्याइतकं सरळ वाटलेलं नाही.

(दृश्य: फ्रिजचं दार. रबराची पट्टी एका कोपऱ्यात सुटलेली.)

घानात याच प्रकल्पानं लसींच्या फ्रिजची देखभाल हाती घेतली. लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. ती तापून बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. गोठूनही बिघडते हे कमी जणांना. हेपटायटिस बी ची लस एकदा गोठली की कामातून गेली. संशय आला तर कुपी हलवून बघतात. शेजारी मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी कुपी ठेवतात आणि गाळ कुठल्या कुपीत लवकर खाली बसतो ते पाहतात. सोड्याची बाटली गोठली तर फार तर फुटेल. पण फ्रिजचा थर्मोस्टॅट, दाराचं रबर आणि सुटे भाग सांभाळणारा मेकॅनिक दोन्हीकडे सारखाच लागतो.

2014 मध्ये अमेरिकेची मदतसंस्था यूएसएड यात उतरली आणि प्रकल्प आफ्रिकेतल्या दहा देशांत न्यायचं जाहीर झालं. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीची औषधं रुग्णांना दवाखान्याच्या रांगेत न थांबता घराजवळून घेता यावीत, यासाठी औषध देण्याच्या जागा वाढवण्याचं काम झालं.

(दृश्य: रस्त्याकडेचा लाल जाहिरात फलक. त्याच्याखाली बसलेल्या बायका.)

अडचणीचा प्रश्न कॅमेऱ्याबाहेर ठेवण्यात अर्थ नाही. साखरेचं पाणी विकणारी कंपनी मधुमेह वाढणाऱ्या देशांत औषधांचं काम करते, आणि त्याच कामातून तिचं नावही उजळतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. गोदामातला हिशेब चांगला म्हणून बाटलीतली साखर कमी होत नाही. आणि बाटलीत साखर आहे म्हणून तो हिशेब फेकून द्यावा असंही मला वाटत नाही.

अशी माणसं उसनी देणारी ही एकच कंपनी नाही. औषध कंपन्यांत फायझरनं 2003 मध्ये सुरुवात केली, जीएसकेनं 2009 मध्ये. कर्मचाऱ्यानं काही महिने आरोग्य संस्थेत जाऊन बसायचं, पगार कंपनीचाच चालू. हे काही महिने महत्त्वाचे. आपल्याकडे कंपनीचं स्वयंसेवन म्हटलं की डोळ्यांपुढे येतो एक शनिवार: एकाच रंगाचे टी-शर्ट, शाळेच्या भिंतीला रंग, ग्रुप फोटो, दुपारी बिर्याणी. भिंत रंगवायला गावात रंगारी असतो हो. औषधांच्या साठ्याचा हिशेब बसवून देणारा अकाउंटंट नसतो.

भारतात 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायला सांगितलं. मात्र कर्मचाऱ्यांनी फुकट दिलेल्या कामाची किंमत लावून ती त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही, असं केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाचं स्पष्टीकरण आहे. हेतू समजतो, नाहीतर प्रत्येक मीटिंगचं बिल समाजसेवेत दाखवलं गेलं असतं. पण त्यामुळे चेक फाडणं सोपं राहतं आणि चांगला माणूस तीन महिने सोडणं अवघड.

2025 मध्ये यूएसएड बंद झाली. मदत देणारे जातात, उसना तज्ज्ञ तर जायच्या तारखेसह आलेला असतो. म्हणून अशा कामात मी एकच विचारते: त्याच्या शेजारची खुर्ची कुणाची होती? तिथे एमएसडीचा माणूस बसून स्वतः रस्ता आखत होता, की चहा आणून देत होता?

(दृश्य: पुन्हा तेच आरोग्य केंद्र. दुपार. गाडी येऊन गेली आहे, अंगणात टायरच्या खुणा.)

नर्स मागणीचा फॉर्म भरते आहे. सुरुवातीला किती होतं, किती आलं, किती उरलं. कपाटात 24 चं एक पाकीट अर्धवट कापलेलं आहे. ती ते हातात घेते, उरलेल्या गोळ्या मोजते. आकडा रकान्यात भरते आणि समासात बारीक अक्षरात लिहिते: सहा कापून दिल्या, लहान मुलाला.