रात्री फोन कोण उचलणार

नमस्कार मंडळी. तुमच्या गावातले पोट्टे म्हणाले भाऊ, तुमची ॲम्ब्युलन्स कशी सुरू झाली ते सांगा, आम्हालाही करायची आहे. सांगतो जी, जसं झालं तसंच सांगतो.

सुरुवात सापापासून झाली. माझ्या चुलत भावाला सोयाबीनच्या वावरात घोणस चावली, पाऊस धो धो, पांदणीत गुडघाभर चिखल, मोटारसायकलही निघेना, मग आम्ही चौघांनी त्याला बाजेवर टाकून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि दिसेल त्या गाडीला हात दाखवत राहिलो. दोघं थांबले पण पेशंट पाहून म्हणाले, पोलिसांचं लफडं नको बाप्पा. शेवटी दुधाच्या गाडीत नेलं. भाऊ वाचला, पण घोणशीचं विष किडनीवर जातं, डायलिसिस करावं लागलं. रस्त्यावरचा तो पाऊण तास माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

कोणी म्हणेल 108 ची सरकारी ॲम्ब्युलन्स आहे ना. आहे, आणि लई मोठं काम आहे त्यांचं. 2014 ला सुरू झाली तेव्हा राज्यभरासाठी 937 गाड्या होत्या. आता तुम्हीच पहा, एक गाडी पेशंट घेऊन यवतमाळ नाहीतर सेवाग्रामला गेली की परत येईपर्यंत इकडं काय? म्हणून आम्ही पहिला फोन आजही 108 लाच करतो, त्यांची गाडी जवळ असली तर आमची निघत नाही, दूर असली तर निघते.

गाडीचं जमलं, लोकांनी कापूस विकून आल्यावर वर्गणी दिली, जुनी व्हॅन घेतली. संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे, मग आरटीओ, फिटनेस, इन्शुरन्स, ते होते, धीर धरावा लागते एवढंच.

खरा घोळ फोनचा झाला. आम्ही चौकात बोर्ड लावला, सात जणांचे नंबर. एका रात्री एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती, तिच्या सासऱ्यानं सातही नंबर लावले, कोणीच उचलला नाही. मी पण नाही. प्रत्येकाला वाटलं दुसरा उचलेल. ती बाई बैलबंडीत बाळंत झाली, दोघंही सुखरूप, पण सकाळी त्या म्हाताऱ्यासमोर उभं राहताना माझी मान वर होत नव्हती.

त्या दिवशी बोर्ड काढला. एकच फोन घेतला, बटनांचा, साधा, पाठीला पांढरी चिकटपट्टी. रोज संध्याकाळी 7 वाजता मेडिकलच्या दुकानात तो त्या रात्री ज्याची पाळी त्याच्या हातात द्यायचा, नोंदवहीत सही करायची, चार्जिंग किती ते लिहायचं, ऑक्सिजनचा काटा कुठं आहे तेही लिहायचं. हो, कारण एकदा अर्ध्या रस्त्यात सिलेंडर संपलं होतं. बी टाइपच्या सिलेंडरमध्ये साधारण 1500 लिटर असते, मिनिटाला 10 लिटर लावलं तर अडीच तास, आणि अर्ध भरलेलं असलं तर सव्वाच तास, हे तेव्हा कोणाला माहीत होतं!

पोरांना पोलिसांची भीती होती. त्यांना सांगितलं, 2016 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, 2019 ला मोटार वाहन कायद्यात कलम 134ए आलं, अपघातातल्या माणसाला चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर केस होत नाही आणि नाव सांगायची सक्ती नाही. घरच्यांनाही हे सांगा, अडवणारे घरचेच असतात.

साप चावला तर करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, पाय हलू न देता उचला, चावल्याची वेळ लिहा आणि निघायच्या आधी फोन करून विचारा की सापाची लस कुठं आहे, मग तिकडंच न्या. फवारणीतली विषबाधा असली तर कपडे काढून साबणानं अंग धुवा, औषधाचा डबा सोबत घ्या. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं फवारणीनं गेली, हे इथं बसलेल्यांना मी काय सांगू.

आणि एक, गाडी घ्यायच्या आधी, या पावसाळ्यात, सगळ्या पांदणी पायी फिरून या. गाडी जिथपर्यंत जाते तिथं चुन्यानं खूण करा. पुढं माणूस उचलून आणावा लागते, त्याला चौघं लागतात, स्ट्रेचर हलकं लागते. आमचं मी सोबत आणलं आहे, बाहेर ठेवलं आहे, चहा झाला की चार जण या, उचलून पहा.