हा याकोब कुठला, ही मरीया कोणाची

श्रोतेहो, नमस्कार.

घरात बायबल असेल तर नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा बारावा अध्याय काढा. हाताशी नसेल तरी बिघडत नाही, गोष्ट मी सांगतो. अवघ्या पंचवीस वचनांचा अध्याय आहे. सुरुवातीलाच हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने ठार करवतो. मग तो पेत्राला धरून तुरुंगात टाकतो. पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. रात्री देवदूत येतो, साखळ्या गळून पडतात आणि पेत्र सुटतो. तो थेट एका घरी जाऊन दार ठोठावतो. घर मरीयेचं, म्हणजे मार्क असंही नाव असलेल्या योहानाच्या आईचं. रोदा नावाची मोलकरीण पेत्राचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत पळते. आतली मंडळी म्हणतात, तुला वेड लागलंय. पेत्र बिचारा बाहेर ठोठावतोच आहे. अखेर दार उघडतं. तो सगळी हकिकत सांगतो आणि निघताना म्हणतो, हे याकोबाला आणि बाकीच्या बांधवांना कळवा.

आता इथे वाचणारा अडखळतो. दुसऱ्या वचनात ज्याला मारलं, त्याला सतराव्या वचनात निरोप कसा द्यायचा?

हा याकोब वेगळा. मारला गेला तो जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, येशूच्या बारा प्रेषितांपैकी एक. निरोप ज्याला पाठवला तो ‘प्रभूचा भाऊ’ याकोब. हा बारांतला नव्हे, पण यरुशलेममधल्या ख्रिस्ती मंडळीचा पुढे तोच प्रमुख झाला. पंधराव्या अध्यायात मोठी सभा भरते, तिथे शेवटचा शब्द त्याचा आहे. येशूचा भाऊ म्हणजे सख्खा, सावत्र की चुलत-मावस, यावर पंथापंथांत जुना वाद आहे, त्यात आज शिरत नाही. हे पुस्तक लिहिणारा लूक मात्र याकोबाचं नाव घेताना इथे काहीच खुलासा करत नाही. त्याच्या वाचकांना एवढ्यावर कळत असणार.

त्या बारांत आणखी एक याकोब होता, अल्फीचा मुलगा. त्याचं नाव याद्यांत येतं, पण त्याने काय केलं ते शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या चार येशूचरित्रांत, कुठेच येत नाही. मार्क ‘धाकटा याकोब’ असा एकाचा उल्लेख करतो, तो हाच असावा असं पुष्कळजण मानतात. शिवाय जुन्या करारातला इसहाकाचा मुलगा, इस्राएलाच्या बारा वंशांचा मूळपुरुष, तो याकोब सगळ्यांच्या आधीचा. इंग्रजी बायबल वाचणाऱ्यांना तो वेगळा कळतो, कारण तिथे तो जेकब आणि हे बाकीचे जेम्स. आपल्या मराठी बायबलात सगळे याकोबच.

मूळ अडचण अशी की त्या लोकांना आडनावं नव्हती आणि नावं थोडी होती. त्या काळच्या पॅलेस्टाइनमधली माणसं आपल्याला ग्रंथांतून माहीत आहेत, तशी थडग्यांमधल्या दगडी अस्थिपेट्यांवर कोरलेल्या नावांमधूनही. अभ्यासकांनी ही नावं मोजली. पुरुषांमध्ये शिमोन सगळ्यांत वर आणि योसेफ त्याच्या मागोमाग. स्त्रियांमध्ये साधारण पाचातली एक मरीया. याला कारणही आहे. इसवी सनापूर्वी 167 च्या सुमारास यहूद्यांनी ग्रीक राजवटीविरुद्ध बंड केलं. त्याचे पुढारी मत्तथ्या नावाचा याजक आणि त्याचे पाच मुलगे: योहान, शिमोन, यहूदा, एलाजार, योनाथान. पुढे शंभर-दोनशे वर्षं लोक मुलांना हीच नावं ठेवत राहिले. येशूच्या शिष्यांची नावं या यादीशी ताडून पाहा. शिमोन दोन, यहूदा दोन, योहान एक, आणि मत्तय हे मत्तथ्याचंच छोटं रूप. मोठ्या हेरोदाच्या दरबारातल्या घडामोडी सांगणारा इतिहासकार जोसेफस, त्याचंही खरं नाव योसेफ आणि बापाचं मत्तथ्या!

मग माणसं ओळखायची कशी? गावात चार पांडुरंग असले की आपण जसं ‘वरच्या आळीतला’ नाहीतर ‘तात्यांचा’ म्हणतो, तशीच त्यांचीही सोय होती. बापाचं नाव, गावाचं नाव, धंदा, स्वभाव, एखादं टोपणनाव. या जोडीच्या शब्दाकडे आपण वाचताना दुर्लक्ष करतो आणि मग घोटाळा होतो. कृत्यांच्याच दहाव्या अध्यायात याची बहारदार जागा आहे. पेत्राचं मूळ नाव शिमोन. तो याफो या बंदरात उतरलाय, आणि ज्याच्या घरी उतरलाय त्याचंही नाव शिमोन. रोमी सैन्यातला शताधिपती कर्नेल्य याला देवदूत सांगतो, याफोला माणसं पाठव आणि शिमोनाला बोलावून आण. पण तेवढ्यावर थांबत नाही. ज्याला पेत्र म्हणतात तो शिमोन, जो कातडी कमावणाऱ्या शिमोनाकडे पाहुणा आहे, ज्याचं घर समुद्राच्या काठी आहे. स्वर्गातून आलेल्यालाही पूर्ण पत्ता द्यावा लागला.

बारांमध्ये यहूदाही दोन. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्याची फार पंचाईत झाली. लूक त्याला ‘याकोबाचा यहूदा’ म्हणतो, मत्तय आणि मार्क यांच्या याद्यांत त्या जागी तद्दय हे नाव येतं. योहानाच्या शुभवर्तमानात तो एकदाच तोंड उघडतो, चौदाव्या अध्यायात, शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूला एक प्रश्न विचारतो. योहान लिहितो, यहूदा म्हणाला, आणि लगेच जोडतो, इस्कर्योत नव्हे. संबंध बायबलात माणसाची ओळख याहून केविलवाणी नसेल: तो कोण, तर तो नव्हे. आज आपल्याकडे सेंट ज्यूड म्हणून ज्यांच्यापुढे मेणबत्त्या लावतात, झाशीला ज्यांचं तीर्थस्थान आहे, अडलेल्या-नडलेल्यांचे कैवारी मानले जातात, ते हेच. ज्यूड हे यहूदाचंच रूप आहे हे नवस बोलणाऱ्या बऱ्याच जणांच्या ध्यानीमनीही नसतं.

आता मरीया. इथे जरा रेंगाळू या, कारण इथे गोंधळ वाचकापुरता राहिला नाही, तो मोठमोठ्यांनी केला आणि शतकानुशतकं चालला.

येशूची आई, नासरेथची मरीया, तिच्याबद्दल शंका नको. बांद्र्याच्या टेकडीवर सप्टेंबरात जिची जत्रा भरते, जिला कोळी लोक मोत माउली म्हणतात, ती हीच. दुसरी मग्दालीया मरीया. मग्दाला हे गालील सरोवराच्या पश्चिम काठावरचं गाव, आणि ती त्या गावची. लूक तिच्याविषयी एवढंच सांगतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती आणि येशू व त्याच्या शिष्यांना आपल्या पैशाने मदत करणाऱ्या बायकांत ती होती. वधस्तंभाजवळ ती हजर होती, आणि चौथ्या शुभवर्तमानाप्रमाणे पुनरुत्थित येशू पहिल्यांदा तिला दिसला. तिसरी बेथानीची मरीया, मार्था आणि लाजर यांची बहीण. मार्था स्वयंपाकघरात राबत असताना येशूच्या पायाशी बसून ऐकणारी ती ही. बेथानी यरुशलेमच्या अगदी जवळ. मग्दाला वर उत्तरेला, गालीलात. दोघींची गावं वेगळी, माणसं वेगळी.

मग या एक कशा झाल्या? तेलामुळे, आणि पुन्हा एका शिमोनामुळे.

योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीची मरीया जटामांसीचं मोलाचं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते आणि केसांनी पाय पुसते. यहूदा इस्कर्योत कुरकुरतो की हे तीनशे दिनारांना विकता आलं असतं. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, तेव्हा हिशेब करा. (ती जटामांसी हिमालयातली वनस्पती, हे जाता जाता.) मत्तय आणि मार्क असाच प्रसंग सांगतात. गाव बेथानीच, घर कुष्ठरोगी शिमोनाचं, तेल डोक्यावर ओततात आणि बाईचं नाव दिलेलं नाही. लूकच्या सातव्या अध्यायात मात्र प्रसंग गालीलातला दिसतो, बराच आधीचा. घर शिमोन नावाच्या परूश्याचं, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातल्या माणसाचं. तिथे गावात पापी म्हणून माहीत असलेली एक बाई येते, रडते, आसवांनी येशूचे पाय भिजवते, केसांनी पुसते, तेल लावते. तिचंही नाव दिलेलं नाही. पुढच्याच अध्यायाच्या आरंभी लूक मग्दालीयेचा पहिला उल्लेख करतो. वाचणाऱ्याने पान उलटलं आणि दोन्ही गोष्टी मनात चिकटल्या.

591 च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी रोममध्ये एका प्रवचनात सांगून टाकलं की लूकची पापी बाई, बेथानीची मरीया आणि मग्दालीया या तिन्ही एकच. पश्चिमेकडच्या चर्चने ते उचलून धरलं. मोकळे केस, हातात तेलाची कुपी, डोळ्यांत पश्चात्ताप अशी मग्दालीयेची चित्रं युरोपभर झाली. पापिणीची पुढे वेश्या झाली, तीही लोकांच्या तोंडी. लूकने ‘पापी’ एवढंच म्हटलंय, कसलं पाप ते सांगितलेलं नाही. आणि मग्दालीयेबद्दल तर तेही म्हटलेलं नाही. पूर्वेकडच्या चर्चने या तिघी कायम वेगळ्याच ठेवल्या. कॅथलिक पंचांगात 1969 साली सुधारणा झाली तेव्हा मग्दालीयेला पश्चात्तापी ठरवणारे उल्लेख गेले. 2016 साली पोप फ्रान्सिस यांच्या काळात तिच्या 22 जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणाचा दर्जा मिळाला, आणि 2021 मध्ये 29 जुलैला मार्थेबरोबर मरीया आणि लाजर यांचंही स्मरण ठरवण्यात आलं. म्हणजे कॅथलिक पंचांगात आता मग्दालीया एका दिवशी आणि बेथानीची मरीया दुसऱ्या दिवशी. माझ्या मते या एका प्रवचनाने त्या बाईवर जेवढा अन्याय केला तेवढा तिच्या सात भुतांनीही केला नसेल.

मरीया अजून संपल्या नाहीत. वधस्तंभाजवळच्या बायकांत मार्क ‘धाकटा याकोब आणि योसे यांची आई मरीया’ सांगतो, योहान ‘क्लोपाची मरीया’ सांगतो. या दोघी एकच असाव्यात असं बहुतेकांना वाटतं, पण पक्कं कोणी सांगू शकत नाही. योहानाचं ते वाक्यही अवघड आहे. येशूची आई, आईची बहीण, क्लोपाची मरीया, मग्दालीया मरीया. बायका चार की तीन? आईची बहीण हीच क्लोपाची मरीया मानली तर दोघी बहिणींचं नाव मरीया ठरतं. ते काही पटत नाही, म्हणून मी चार मोजतो. तिथेच मार्क सलोमे नावाच्या बाईचाही उल्लेख करतो. ती येशूची अनुयायी. हेरोदापुढे नाचली आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं शीर मागितलं ती मुलगी ही नव्हे. नाचणाऱ्या मुलीचं नाव शुभवर्तमानांत दिलेलंच नाही. या हेरोदाची बायको हेरोदिया, तिच्या मुलीचं नाव सलोमे होतं हे आपल्याला जोसेफसकडून कळतं.

हेरोद थोडक्यात उरकतो. बेथलेहेमची बाळं मारणारा तो मोठा हेरोद, इसवी सनापूर्वी 4 मध्ये गेला असं मानतात. योहानाचं शीर कापवणारा आणि येशूच्या चौकशीत दिसणारा त्याचा मुलगा हेरोद अंतिपा, ज्याला येशू कोल्हा म्हणाला. आपण सुरुवातीला पाहिला तो याकोबाला मारणारा, मोठ्या हेरोदाचा नातू अग्रिप्पा. तो 44 साली कैसरियात मेला. लूक म्हणतो किडे पडून. जोसेफस सांगतो, चांदीच्या धाग्यांचा झगा घालून तो नाट्यगृहात आला, लोकांनी त्याला देव म्हटलं, त्याने त्यांना अडवलं नाही, मग पोटात कळा येऊन पाच दिवसांत गेला. कृत्यांच्या शेवटाकडे कैदेतला प्रेषित पौल ज्याच्यासमोर आपली बाजू मांडतो तो या अग्रिप्पाचा मुलगा, तोही अग्रिप्पा. लूक आजोबा, मुलगा आणि नातू तिघांनाही कुठे ना कुठे नुसता हेरोद म्हणतो. अशा वेळी सालाकडे पाहायचं. येशू तान्हा असेल तर आजोबा, मोठा असेल तर मुलगा, स्वर्गात गेला असेल तर नातू.

जुन्या कराराला आज हात लावला नाही, कारण तिथे एकेका नावाचे राजे आहेत आणि दोन राज्यं आहेत. उत्तरेकडे इस्राएलात अहाबाचा मुलगा यहोराम राज्य करतोय, त्याला कधी योरामही म्हटलेलं आहे. त्याच काळात दक्षिणेकडे यहूदात यहोशाफाटाचा मुलगा गादीवर बसतो, तोही यहोराम. आणि दक्षिणेकडच्या यहोरामाने अहाबाची मुलगी केलेली, म्हणजे दोन्ही यहोराम मेहुणे. ‘दुसरे राजे’ या पुस्तकाचा आठवा अध्याय कागद-पेन्सिल घेऊन वाचा, आणि प्रत्येक नावापुढे बापाचं नाव लिहीत चला.

नमस्कार.