वाळू झाडणाऱ्यांचं पोट

ओहोटीला कोकणातल्या एखाद्या सपाट पुळणीवर गेलात की ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची रांगोळी दिसते. मधे एक बीळ आणि बिळापासून निघालेल्या गोळ्यांच्या ओळी. लहानपणी आपण सगळ्यांनी ती पायाने विस्कटली आहे. ती काढणारा खेकडा जेमतेम करंगळीच्या नखाएवढा. नांग्यांनी वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं खाणं निपटून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकून देतो. तो काही पुळण झाडत नाही, तो जेवतोय. आणि दिवसातून दोनदा भरती येऊन त्याचं ताट पुन्हा वाढून जाते.

आपल्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टँकला भरती येत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तर वाळू साफ ठेवायला दुकानात कुठला प्राणी घ्यायचा आणि कुठल्याला लांबूनच नमस्कार करायचा, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

माझी फजिती आधी सांगतो. पहिला चार फुटी टँक लावला, थोड्याच आठवड्यांत वाळूवर तपकिरी साय धरली. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ. नव्या टँकमध्ये येतात आणि पाणी आरओ-डीआय यंत्रातून शुद्ध केलेलं असेल तर बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. पण तेवढा धीर कुणाला! दुकानदार म्हणाला, ‘सर, सँड-सिफ्टिंग स्टार घेऊन जा, वाळू दुधासारखी राहील.’ राहिली, नाही असं नाही. स्टारफिश दिवसभर वाळूत गडप, संध्याकाळी काचेलगत एखादा काटेरी बाहू दिसायचा, घरात सगळे कौतुकाने बघायचे. चौथ्या महिन्यात त्या बाहूचं टोक झिजलेलं दिसलं. पुढच्या आठवड्यात दोन बाहू अर्धे. मी पाणी तपासलं, क्षारता तपासली, सगळं ठीक. स्टारफिश उपाशी मरत होता.

हा अ‍ॅस्ट्रोपेक्टेन. तो घाण खात नाही, वाळूतले जीव खातो. बारके किडे, इवल्या शिंपल्या, कोपेपॉड-अ‍ॅम्फिपॉडसारखे इवले कवचधारी जीव, म्हणजे आपली वाळू जे फुकटात साफ ठेवत असतात नेमके तेच. आधी त्याने माझे सफाई कामगार संपवले, मग स्वतः संपला. समुद्रात तो फिरत राहतो, पुढे नवी वाळू असतेच. माझ्याकडे सगळी मिळून अर्धा चौरस मीटर.

तेव्हापासून मी दुकानात एकच प्रश्न विचारतो: हा खातो काय, आणि सहाव्या महिन्यात माझ्या घरी ते शिल्लक असेल का?

हा प्रश्न लावून बघा. नासारिअस गोगलगायी घ्या. या शेवाळाला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ‘काच साफ करत नाहीत’ म्हणून तक्रार करू नका. त्या मांस खाणाऱ्या. दिवसभर वाळूत गाडलेल्या, वर फक्त सोंडेसारखी एक नळी, पाण्याचा वास घेत. गोठवलेल्या मायसिसचा (कोळंबीसारख्या बारक्या जीवांचा) तुकडा टाकला की अर्ध्या-एक मिनिटात वाळू ठिकठिकाणी फुटते आणि पंगतीची हाक ऐकल्यासारख्या सगळ्या धावत सुटतात. गोगलगाय ‘धावते’ हा शब्द मी जबाबदारीने वापरतोय! माशांनी टाकलेलं, कोपऱ्यात मेलेलं त्यांच्या पोटात जातं, आणि आत-बाहेर करताना वाळू खालीवर होते. मासे जेवतात तोवर यांचीही चूल पेटलेली. फक्त नासारिअस म्हणून कधीकधी अटलांटिकच्या थंड किनाऱ्यावरची चिखलगोगलगाय गळ्यात मारतात. ती आपल्या उष्ण टँकमध्ये टिकत नाही. मार्गारिटा गोगलगायीचंही तेच. पुण्या-मुंबईत उन्हाळ्यात टँक अठ्ठावीस अंशांवर जाऊ नये म्हणून आपण पाणी थंड करणाऱ्या चिलरचं बिल भरतो, तिथे थंड पाण्याचा पाहुणा कशाला आणायचा?

सेरिथ गोगलगायी लांबट, टोकदार आणि अबोल. रात्री निघतात, वाळूवरची आणि दगडाच्या बुडाशी असलेली शेवाळाची साय, गाळ खातात. मला विचाराल तर सगळ्यांत कमी कौतुक झालेला आणि सगळ्यांत कामाचा प्राणी हाच.

आणि माझा लाडका, फायटिंग कॉन्क हा शंख. नाव भांडकुदळ, वागणं देवमाणसाचं. फ्लोरिडा-कॅरिबियनकडचा. देठांवर दोन डोळे, त्यांच्यामधून हत्तीसारखी सोंड निघते आणि वाळूच्या वरच्या थरावरून इस्त्रीसारखी फिरते. चालत नाही, कोयत्यासारखं नख वाळूत रुतवून उड्या मारतो. उलटा पडला तर त्याच नखाने पलटी मारून सरळ होतो; टर्बो गोगलगायीसारखं त्याला कुणी उचलून ठेवावं लागत नाही. पण चार फुटी टँकला एकच. दोन घेतलेत तर दोघं अर्धपोटी. वाळू फारच पांढरी दिसायला लागली तर दगडाला नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाचा, तुकडा बांधून ठेवा.

गोबी माशाबद्दल दर वेळी विचारतात. डायमंड गोबी तोंडात वाळू भरतो, कल्ल्यांतून गाळून सोडतो, दिसायला झकास. तोही किडेच शोधतोय. टँक जुना आणि मोठा असेल, तो मायसिस खात असेल आणि तुम्ही दिवसातून दोनतीनदा घालणार असाल तरच घ्या. पोट आत गेलेला गोबी दुकानातच सोडा. घरी आणलात तर वर जाळी हवी, तो उडी मारतो. आणि खालचे कोरल वाळूखाली गाडले गेले तर मला फोन करू नका.

समुद्रकाकडी खरी वाळू खाणारी. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाच्या प्रवाळावर मोजणी झाली, तेव्हा एक काकडी दिवसाला सरासरी ३८ ग्रॅम वाळू पोटातून काढते असं निघालं, म्हणजे वर्षाला चौदा किलोच्या आसपास. माझ्या टँकमध्ये तीसेक किलो वाळू आहे. ती एकदा पोटातून फिरवायला तिला दोन वर्षं लागतील! म्हणजे हाही काही व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. वर ती पॉवरहेडमध्ये, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपात, अडकून फाटली तर तिच्यातल्या विषाने मासे मरू शकतात. आणि आपल्याकडे हा प्रश्नच उरत नाही, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळ्या समुद्रकाकड्या आहेत. दगडी प्रवाळही त्याच अनुसूचीत. ‘बाहेरचा माल आहे’ असं कुणी कानात सांगितलं तरी घेऊ नका.

दुसऱ्याच्या शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांबद्दल एकच वाक्य: रिकामे शंख टाकून ठेवा, नाहीतर ते शंखासाठी तुमच्या गोगलगायी मारतील.

ब्रिसल वर्म, म्हणजे केसाळ किडा, दिसला की लोक चिमटा घेऊन मागे लागतात. नका लागू. साधा ब्रिसल वर्म रात्री दगडाखालून निघून सडकं खातो, तुम्ही त्याला पगारही देत नाही. हाताने मात्र धरू नका, केस टोचतात. त्यांची संख्या अचानक वाढली तर दोष त्यांचा नाही, तुम्ही खाणं जास्त टाकताय. तसंच सायनोचं, म्हणजे शेवाळासारख्या पसरणाऱ्या जिवाणूंचं. वाळूवर लाल, बुळबुळीत चादर आली की लोक विचारतात, ‘याला कोण खाईल?’ भरवशाचं कुणीच नाही. प्रवाह वाढवा, खाणं कमी करा, पाइप घालून ओढून काढा.

मघाशी कुणीतरी विचारलं, माझ्याकडे आज किती आहेत. आठ नासारिअस, दहाएक सेरिथ, एक कॉन्क. दोन गोगलगायींपासून सुरुवात केली होती आणि महिनोन्‌महिने वाट बघत एकेक वाढवली. दुकानांत ‘इतक्या लिटरला इतक्या’ असा तक्ता लावलेला असतो, तो विकणाऱ्याच्या सोयीचा. आणि माशांच्या रोगावर तांब्याचं औषध कधी घालावं लागलं तर ते वेगळ्या टँकमध्ये; तांबं या सगळ्यांचा जीव घेतं.

आता दिवे बंद करू. मागच्या टेबलावर एक छोटा टँक ठेवलाय, लाल टॉर्च तिथेच आहे. लाल उजेडाला ते फारसे बुजत नाहीत. एकेकाने या, काचेला बोट लावू नका, आणि वाळू आणि काच भेटतात तिथे नीट बघा. पांढरे ठिपके सरकताना दिसतील, ते कोपेपॉड.