दोऱ्यांच्या फळीवर विमानाची काच

श्रोतेहो, नमस्कार. एसटीत पुढच्या सीटवर बसून, समोरच्या काचेच्या अगदी कडेतून रस्त्याकडेचा विजेचा खांब बघा आणि मान हळूच हलवा. खांब मध्येच लचकल्यासारखा दिसेल. सोलापुरात होटगी रोडच्या आपल्या विमानतळावर उतरणाऱ्या वैमानिकाला अशी लचक परवडत नाही. त्याची काच नुसती स्वच्छ असून भागत नाही, ती सरळ दाखवते का हे मोजावं लागतं.

मोजायचं साधन सोलापूरकरांना ओळखीचं वाटेल. काळ्या फळीवर ताणून बांधलेले पांढरे दोरे, उभे आणि आडवे, चौकोन साधारण इंचाचे. मागावर ताणा ढिला पडला की चादरीची नक्षी बिघडते. इथे दोरा ढिला राहिला तर आळ काचेवर येतो. म्हणून पहिला फोटो काचेविना काढायचा. मग कॅमेरा आणि फळी यांच्यामध्ये काच विमानात असते तितकीच कलती लावायची आणि वैमानिकाचा डोळा जिथे येतो तिथूनच दुसरा फोटो. दोन फोटोंच्या दरम्यान कॅमेऱ्याला धक्कासुद्धा लागता कामा नये. दुसऱ्या फोटोतली आडव्या दोऱ्याची रेघ दहा मिलिमीटर जाताना एक मिलिमीटर चढली, तर उतार दहाला एक. काचेच्या भागागणिक किती उतार चालेल, ते आधीच ठरलेलं असतं.

काच उभी धरून सरळ समोरून तपासली की मात्र फसगत होते. दोन्ही पृष्ठभाग समांतर असतील तर किरण थोडा बाजूला सरकतो, दिशा बदलत नाही. जाडी पाचरीसारखी कमी होत गेली की दिशाच वळते. विमानाची काच ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची असेल, तर तिचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, सुमारे १.४९. पृष्ठभागांत १ मिलिरेडियनचा (अंशाच्या सुमारे सतराव्या भागाचा) कोन असेल, तर समोरून बघताना १ किलोमीटरवरची वस्तू अर्धा मीटर सरकलेली दिसते. तीच काच ६० अंशांत कलली की जवळजवळ दीड मीटर! टेबलावर पास, विमानात नापास.

प्रकाश किती टक्के आरपार जातो, हे सगळे आधी विचारतात. त्याहून महत्त्वाचा धूसरपणा, म्हणजे आरपार आलेल्या प्रकाशातला २.५ अंशांहून जास्त विखुरलेला भाग. सूर्य समोर असला की तोच डोळ्यांवर येतो.

धूसरपणा वाढतो तो बराचसा पुसण्याने. आपल्याकडची धूळ कोरड्या फडक्याने पुसली की ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात. आधी भरपूर पाणी सोडावं, मग मऊ सुती कापड. थिनर, पेट्रोल किंवा अमोनियाचा क्लीनर तर लावूच नये. ताणाखालच्या ॲक्रिलिकला त्याने केसासारख्या बारीक भेगा पडतात. समोरून त्या दिसत नाहीत. टॉर्च अगदी तिरकी धरली की जरीसारख्या चमकतात.