एकट्याला उचलता येईल अशी गाडी

(पडद्यावर : पावसाळी सकाळ. लाल चिखलाची वाट. काठाला आडवी पडलेली मोटरसायकल.)

जुलै महिना. वेल्ह्याच्या पुढे डांबर संपतं आणि मुरूम सुरू होतो, त्या वाटेवर माझी गाडी पडली. वेग नव्हताच. ओढ्याच्या काठावर पुढचं चाक चिखलात रुतलं, मी डावा पाय टेकवायला गेलो आणि पायाखाली नुसता खळगा. मला लागलं नाही. गाडीलाही फारसं काही झालं नाही. पण गाडी सव्वादोनशे किलोची, मागे सामानाने भरलेल्या दोन पेट्या, आणि मी एकटा.

वीस मिनिटं झटलो. बूट घसरत होते, हातांतली ताकद संपली होती. शेवटी लावणीच्या खाचरातून दोन माणसं आली. तिघांनी मिळून गाडी उभी केली. त्यांतले थोरले मामा हाताचा चिखल झटकत म्हणाले, "येवढी जड कशापायी घेतली? एकल्यानं हिंडायचं तर एकल्याला उचलंल अशी घ्यावी."

मी वर्षभरात ती गाडी विकली. मामांचं वाक्य मात्र डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून कुठलीही ॲडव्हेंचर गाडी, म्हणजे कच्च्या वाटेवरही नेता येणारी मोटरसायकल, समोर आली की मी आधी तिचं वजन विचारतो. सीसी नंतर, हॉर्सपॉवर त्याच्याही नंतर. आणि असं विचारत गेलो तेव्हा ज्यांची जाहिरात होत नाही, ज्यांची नावं आपल्या गप्पांत येत नाहीत, अशा गाड्या एकेक करून पुढे आल्या.

(पडद्यावर : धुक्यातली जंगलवाट, देवदाराची झाडं.)

पहिली गाडी आपल्याकडे अधिकृतपणे कधीच विकली गेली नाही. तरी सुरुवात तिच्यापासूनच करायला हवी, कारण मामांचा विचार एका कंपनीने १९८५ मध्येच करून ठेवला होता. यामाहा सेरो.

जपानच्या डोंगरांत लाकूडतोडीसाठी पाडलेले कच्चे रस्ते आहेत. त्यांना तिकडे 'रिंदो' म्हणतात. अरुंद, वळणांचे, एका बाजूला दरी. अशा वाटांवर जाण्यासाठी यामाहाने २२३ सीसीची एक साधी, हवेवर थंड होणारी गाडी काढली आणि तिला डोंगरातल्या एका प्राण्याचं नाव दिलं. सेरो हा शेळी आणि हरणाच्या मधला दिसणारा, कड्यावर न अडखळता चालणारा प्राणी. आपल्या हिमालयातही त्याचे भाऊबंद आहेत.

या गाडीमागची कल्पना मला फार आवडते. 'दोन चाकं, दोन पाय.' म्हणजे वाट अगदीच बिघडली तर चालवणाऱ्याने दोन्ही पाय जमिनीला लावून, गाडीला चालवत चालवत पुढे न्यावं. बसायची जागा त्यासाठी बुटकी ठेवली. हँडल दोन्ही बाजूंना भरपूर वळतं, म्हणजे बैलगाडीएवढ्या रुंदीच्या वाटेवरही गाडी मागे फिरवता येते. आणि पुढच्या दिव्याच्या खाली दोन्ही बाजूंना धरायला दांडे दिले. गाडी खड्ड्यात गेलीच, तर ते दांडे धरून ओढून काढायची. गाडी पडणार, अडकणार, हे गृहीत धरून कुणीतरी कागदावर रेघा मारल्या. ज्या अभियंत्यांनी ते केलं, त्यांनी स्वतः चिखलात गाडी ढकलली असणार, असं मला मनापासून वाटतं.

२००५ मध्ये सेरो २४९ सीसीची झाली. ताकद २० हॉर्सपॉवरच्या आसपास, पेट्रोलसकट वजन १३३ किलो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले आणि २०२० मध्ये जपानमध्ये शेवटची आवृत्ती निघाली. म्हणजे पस्तीस वर्षं. जपानमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं हा माहितीपट पाहत असतील तर त्यांना एवढंच सांगतो : तिकडे जुनी सेरो नजरेस पडली तर एकदा चालवून या.

(पडद्यावर : लाल-पांढरी उंच गाडी, शेताच्या बांधावरून जाताना.)

आता आपल्याकडची. हिरो इम्पल्स.

हिरो आणि होंडा १९८४ पासून एकत्र होते. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं. ऑगस्ट २०११ मध्ये लंडनमध्ये कंपनीने नवं नाव आणि नवं बोधचिन्ह जगापुढे मांडलं, आणि त्याच कार्यक्रमात ही गाडी दाखवली. स्वतःच्या पायावर उभं राहताना एखादी कंपनी रोज कामाला जायची गाडी पुढे करील. यांनी डोंगरात जायची गाडी पुढे केली. होंडा ब्राझीलमध्ये एनएक्सआर ब्रॉस नावाची गाडी विकत असे, तिच्याशी इम्पल्सचं नातं उघड दिसतं.

इंजिन १४९ सीसी. ताकद तेरा हॉर्सपॉवर. इथेच लोकांनी नाक मुरडलं. "एवढी उंच गाडी, आणि तेरा?" पण बाकीचे आकडे बघा. वजन १३४ किलो. गाडीचं पोट जमिनीपासून २४५ मिलिमीटर उंच. त्या काळी आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या १६० ते १८० मध्ये होत्या. पुढचं चाक १९ इंची, आऱ्यांचं. मागे एकच शॉक ॲबसॉर्बर, आणि त्याला खाली-वर व्हायला भरपूर जागा. सत्तर हजारांच्या आत मिळणाऱ्या गाडीत हे सगळं होतं.

ती चालली नाही. दुकानात माणूस सीसी आणि किंमत यांचा भागाकार करतो, आणि तेवढ्याच पैशांत जास्त पळणाऱ्या गाड्या शेजारीच उभ्या होत्या. पाच फूट चार इंचांच्या माणसाचे पाय टेकत नव्हते, हेही खरं. ८३६ मिलिमीटर ही बसायची उंची आपल्याकडच्या सरासरी माणसाला जास्तच आहे. काही वर्षांनी गाडी गुपचूप बंद झाली. तिच्यामागून २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. ती सगळ्यांना माहीत आहे, तिची ओळख मी करून द्यायला नको. तिला जे प्रेम मिळालं त्यातला थोडा वाटा इम्पल्सचा आहे.

माझ्याकडे आता जुनी इम्पल्स आहे. म्हणून इथे थोडा रेंगाळतो.

जुनी घ्यायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका. आधी चाकं उचलून फिरवा. रिमला ठोके असतील, आरे सैल असतील तर चाक डुलतं. पुढचं चाक अधांतरी ठेवून हँडल हळू हळू फिरवा. मधोमध कुठे खाच लागल्यासारखं अडकलं तर तिथले बेअरिंग गेले. मागचं चाक धरून आडवं हलवा. ते चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) बुशा झिजल्या असतील तर हाताला कळतं. पुढच्या शॉकवर तेलाचा ओघळ आहे का, ते बघा. इंजिनच्या खालच्या बाजूला ओरखडे असले तर घाबरू नका, गाडी जिथे जायला हवी तिथे गेलीय एवढाच त्याचा अर्थ. खोल ठोका असेल तर मात्र पुढे जाऊ नका. इंजिनचे बरेच भाग त्याच कंपनीच्या १५० सीसीच्या इतर गाड्यांशी मिळतेजुळते असल्यामुळे तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही त्याला हात लावतो. बाहेरचे प्लास्टिकचे भाग शोधायला मात्र वणवण होते, ते आधीच जमेस धरा.

आणि हमरस्त्यावर ही गाडी थकते. ताशी सत्तर-पंचाहत्तर ठीक. त्यापुढे इंजिन ओरडायला लागतं आणि मागून ट्रक अंगावर आल्यासारखा वाटतो. पुण्याहून बंगळुरूला जायचं असेल तर ती घेऊ नका. पुण्याहून डोंगराच्या पोटात जायचं असेल तर घ्या.

(पडद्यावर : नगरच्या औद्योगिक वसाहतीतला रस्ता.)

तिसरी गाडी फार थोड्या लोकांनी पाहिली असेल, आणि तिची जुळणी आपल्या नगरमध्ये होत होती. एसडब्ल्यूएम सुपरड्युअल टी.

ही मूळची इटलीची कंपनी, १९७१ ची. ऐंशीच्या दशकात ती बंद पडली. पुढे इटलीत बियान्द्रोन्नो इथे हुस्कवार्ना या मोटरसायकल कंपनीचा कारखाना बीएमडब्ल्यूकडे होता. २०१३ मध्ये हुस्कवार्ना विकली गेली, गाड्यांचं काम ऑस्ट्रियाला गेलं, आणि कारखाना रिकामा उरला. मग चीनच्या शिनराय कंपनीच्या पैशातून त्याच जागेत एसडब्ल्यूएम हे नाव पुन्हा उभं राहिलं, आणि हुस्कवार्नाच्या जुन्या मोठ्या इंजिनावरून ६०० सीसीची ही एका सिलिंडरची गाडी निघाली. कायनेटिकच्या मोटोरॉयालने ती भारतात आणली. ज्या नगरने आपल्या आई-वडिलांना लुना दिली, त्याच नगरमध्ये ही इटालियन गाडी जुळू लागली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

कोरडं वजन १७० किलोच्या आत. सहाशे सीसीला हे कमी आहे. पण किंमत साडेसहा लाखांच्या पुढे गेली, नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि मग प्रदूषणाचा बीएस सहा हा कडक नियम आला. आता मिळाली तर जुनीच मिळेल. भाग बाहेरून मागवायची आणि महिना-दोन महिने गाडी उभी ठेवायची तयारी असेल त्यानेच तिच्याकडे वळावं. मी स्वतः घेणार नाही. पण कुणी चालवायला दिली तर नाही म्हणणार नाही.

चाकणमध्ये जुळणारी कावासाकी व्हर्सिस-एक्स ३०० मी थोडक्यात सांगतो. दोन सिलिंडर, चाळीसच्या जवळ हॉर्सपॉवर, १७ लिटरची टाकी, बसायला सुखाची. लांबच्या प्रवासाला उत्तम. पण तिचा खरा जोर इंजिनच्या मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या आसपास आहे, आणि दगडांच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये तेवढं इंजिन कुणी फिरवत नाही. तिथे क्लच दाबत-सोडत चढावं लागतं. वजनही १८० किलोच्या वर.

सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त बोलेन. एप्रिल २०२२ मध्ये आली. आपल्याच देशात बनते आणि इथून जपानला जाते. हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतात. तेलावर थंड होणारं २४९ सीसीचं इंजिन, साडेसव्वीस हॉर्सपॉवर, वजन १६७ किलो. चाकं मिश्रधातूची, टायर ट्यूबलेस. खिळा घुसला तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत काम होतं. पण धारदार दगडावर रिम वाकली तर आऱ्यांच्या चाकासारखी ती ठोकून सरळ होत नाही. आठवडाभर कामाला आणि रविवारी घाटात, असं ज्याचं आयुष्य आहे, त्याने हिचा विचार नक्की करावा. रस्त्यावर ती जितकी दिसायला हवी तितकी दिसत नाही.

(पडद्यावर : वाळवंटातला सरळ रस्ता, मोठ्या टाकीची जुनी गाडी.)

अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आणखी दोन नावं. सुझुकी डीआर ६५०. आजचं तिचं रूप १९९६ चं आहे आणि त्यानंतर तिच्यात जवळजवळ काही बदललेलं नाही. अजून कार्ब्युरेटर. १६६ किलो. दुसरी कावासाकी केएलआर ६५०, १९८७ पासूनची. अमेरिकेच्या मरीन सैनिकांसाठी तिचं डिझेलवर चालणारं रूप तयार केलं होतं, कारण रणांगणावर सगळ्या वाहनांना एकच इंधन पुरवणं सोपं जातं. केएलआरची टाकी २३ लिटरची. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं. म्हणजे टाकी भरली की सतरा किलो, आणि तेही उंचावर, गुडघ्यांच्या मधोमध. आडवी झाली की हे सतरा किलो आधी उचलावे लागतात. दोघींपैकी मी डीआर घेईन.

(पडद्यावर : तीच वाट, तोच ओढा. पाऊस थांबलाय.)

हा भाग चित्रित करायला आम्ही पुन्हा त्याच जागी आलो. माझी इम्पल्स मी मुद्दाम उजव्या अंगावर आडवी केली. आधी गाडी बंद. मग गिअर टाकला, म्हणजे ती पुढे-मागे सरकणार नाही. साइड स्टँड डावीकडे असतो, तो आत्ताच उघडून ठेवायचा, म्हणजे उभी झालेली गाडी पलीकडे कोसळत नाही. हँडल पूर्ण वळवलं. सीटला पाठ लावली, गुडघे वाकवले, एका हातात हँडलचं टोक, दुसऱ्या हातात मागचा कठडा. पाठ ताठ. आता हातांनी ओढायचं नाही, पायांनी मागे मागे चालायचं.

गाडी उभी राहिली. दोन पावलांत.

बांधावर मामा उभे होते. या वेळी कामाला लावायला आमच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्यांनी चहाला बोलावलं. "ही बरी हाय," ते सीटवर हात ठेवून म्हणाले. मग मागे बसून घरापर्यंत आले. चहा घेतला, टाकीत अजून सहा-सात लिटर पेट्रोल होतं, आणि तिथून पुढची वाट केळदला जाते.