शकुंतला: अडीच फुटांची आगगाडी

(पडद्यावर: गवतात बुडालेले रूळ)

या दोन रुळांमध्ये उभं राहा आणि पाय जरा फाकवा. डावा पाय डाव्या रुळाला टेकतो, उजवा उजव्याला. अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

खरं सांगायचं तर ही लाइन माणसांसाठी घातलीच नव्हती. ती घातली कापसासाठी. यवतमाळ, दारव्हा, कारंजा. दुसऱ्या अंगाला अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर. सगळा काळ्या मातीचा मुलूख. जिनात, म्हणजे जिनिंगच्या कारखान्यात, सरकी निघायची, प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जायच्या आणि दोन्हीकडून मूर्तिजापूरला यायच्या. तिथे मुंबईची मोठी लाइन, रुंदी साडेपाच फूट. त्यामुळे प्रत्येक गाठ छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या वाघिणीत, म्हणजे मालडब्यात, चढवायची. मग मुंबई बंदर, पुढे मँचेस्टर. आणि मँचेस्टरहून काय आलं? १९२१ साली तिथेच बनलेलं वाफेचं इंजिन. १९२३ पासून ते इथे राबलं, थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत! त्यानंतर डिझेल आलं.

मालकीची गंमत वेगळीच. लाइन किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. १९५१ साली मध्य रेल्वे झाली तेव्हा हे रूळ मात्र कंपनीचेच राहिले. गाडी सरकारची, वाट खासगी. अशा घरात छप्पर कोण शाकारणार?

कापूस ट्रकवर गेला आणि गाडी उरली गोरगरिबांना. बाजाराला निघालेली बाई, तिची टोपली, एखादी शेळी. तिकीट गार्डच फाडायचा. वाटेत फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि पुन्हा चढायचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, सहा-सात तास. लोक तिला शकुंतला एक्सप्रेस म्हणायचे. 'एक्सप्रेस' म्हणताना हसायचेही.

रूळ थकले, वेग उतरला. आधी यवतमाळची गाडी थांबली, मग अचलपूरची.

आता वर्ध्याहून यवतमाळ, दारव्हा, पुसद करत नांदेडला जाणारी मोठी लाइन घातली जातेय. २०२४ च्या फेब्रुवारीत तिचा वर्धा ते कळंब हा टप्पा सुरू झाला.

(पडद्यावर: यवतमाळचं जुनं स्टेशन. आवाज फक्त वाऱ्याचा.)